राहिलेला काना

नेहरूनगरच्या कोर्टाबाहेर, झेरॉक्सच्या दुकानाला टेकून
एक माणूस उभा असतो. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं,
प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड.
तडवी वकीलबाई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या,
"मी तुम्हाला काही सांगितलेलं नाही,"
आणि चहाला गेल्या.

पंधरा हजार रोख भरा,
नाहीतर तेवढ्याच रकमेचा जामीनदार उभा करा.
त्याला लागतं पगारपत्रक, मुंबईतला पत्ता,
आणि आपल्या माणसावर भरवसा.
मी फॉल-पिको करते, मला पगारपत्रक कोण देणार?
भरवसा ज्यांच्यापाशी असेल वाटलं होतं
त्या विक्रोळीच्या काकांचा फोन
सकाळपासून कव्हरेजच्या बाहेर आहे,
म्हणजे काका घरातच आहेत.

माणूस म्हणाला, "चार हजार. उद्या पोरगा बाहेर.
नाव?"
धनेश यशवंत मोरजकर.
"मी त्याचा शेजारी. किती वर्षं ओळखतो त्याला?"
लहानपणापासून, मी म्हटलं.
"अंगावर खूण?"
डाव्या भुवईत खोक. पतंगामागे पत्र्यावरून पडला होता.
"आणखी काही? साहेब कधी कधी विचारतात."
साहेब हे विचारणार नव्हते, तरी मी सांगत सुटले:
गवार खात नाही. झोपेत दात खातो.
आई गेली तेव्हा रडला नाही,
तिचा चष्मा तेवढा पुसून ठेवला.

तो ओठ हलवत पाठ करत होता.
अकरा दिवसांत धनेशबद्दल इतकं कोणी विचारलं नव्हतं.
पोलिसांनी नाही. मीही नाही.
त्या रात्री पार्किंगमध्ये
दांडा तुझ्या हातात होता का,
एवढं एक वाक्य मी जिभेखाली धरून बसले आहे.

माझा हिशेब कापडातला.
चार हजार म्हणजे शंभर साड्यांचे फॉल, गेले ते गेले.
पंधरा म्हणजे ओव्हरलॉकचं जुनं मशीन,
घाटकोपरच्या शेठनं दिवाळीपर्यंत माझ्यासाठी अडवून ठेवलेलं.
कडा उसवू नये म्हणून असतं ते.
पंधरा परत मिळतात म्हणे,
खटला संपला, पावती जपली,
आणि धनेश प्रत्येक तारखेला हजर राहिला तर.

खटला कधी संपतो, मी खिडकीवर विचारलं.
कारकुनानं पंख्याकडे बघितलं.

खिडकीवर का गेले, सांगता येत नाही.
त्या माणसानं रेशनकार्ड उघडलं तेव्हा
सहातल्या चार नावांवर रेघ होती,
आणि उरलेलं एक नाव त्यानं अंगठ्यानं झाकलं.
कदाचित तेवढ्यासाठी.
कदाचित, खोटं बोलणाऱ्याला खरं धनेशपण देऊन झाल्यावर
मला ते चार हजारांत विकवेना.

नोटा मोजल्या गेल्या. दोनदा. एक फाटकी परत आली,
ती बदलून दिली.
मग कारकून मान वर न करता म्हणाला,
"हे चार आठवड्यांपुरतं. तोवर जामीनदार आणा."

पावतीवर माझं नाव होतं, पुष्पा वेगळं, लता वेगळं.
त्याखाली घाईत एक काना राहिला होता:
'जमीन रक्कम, रुपये पंधरा हजार फक्त.'
पंधरा हजारांत मुंबईत जमीन!
मी एकटीच हसले. मागचा माणूस पुढे सरकला.

बाहेर तो अजून टेकलेलाच.
"भरले?" भरले.
तो रागावला नाही. "चार आठवड्यांनी भेटूच," म्हणाला,
मग जाताजाता, "गवार ना? गवार खात नाही."

दुसऱ्या दिवशी आर्थर रोडच्या फाटकातून
धनेश आला, पायात कुणाच्यातरी चपला.
मी आधी भुवई बघितली.
मग वाक्य जिभेवर घेतलं,
आणि विचारलं, चहा घेणार?

पावती ब्लाउजच्या आत होती, चौघडी.
चालताना टोचत होती.